मनकर्णाताईंची घुमपेटी

एकाहत्तर सालच्या चैत्रात घोडेगावच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा ठेवायचं गावानं ठरवलं आणि सुपारी आमच्याकडे आली. निरोप घेऊन मनकर्णाताईंचे वडील, आप्पासाहेब, स्वतः नगरला आले. काकासाहेबांच्या दुकानाची पायरी चढता चढताच त्यांनी सांगून टाकलं, "समद्या बाजाराला बोललोय मी. माजी लेक येनार हाय, मांडीवर गिटार घेऊन बसनार हाय, अन् अशी वाजवनार हाय की बैलबी रवंथ करायचं थांबत्याल!"

"आप्पा, जरा कमी सांगायचं की," ताई म्हणाल्या. पण त्यांचे कान लाल झाले होते. खूश झाल्या की त्यांचे कान लाल व्हायचे.

आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव 'रानपाखरं'. काकासाहेब मालक. त्यांचा मांडव आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता, आणि अकॉर्डियनही तेच वाजवायचे. गाणारी मी, चांगुणा. दिवसा घरी ब्लाउज शिवायचे, संध्याकाळी गायचे. पण खरं सांगायचं तर लोक यायचे ते गिटारवाल्या बाईंना बघायला.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दिवसभर कानाला हेडफोन लावून पुणे जोड, मुंबई जोड, नेवासे जोड. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस बसलाय की उभा, हे त्यांना कळायचं. माहेर घोडेगावचं. आप्पासाहेब शेती सांभाळून बैलांच्या खरेदी-विक्रीत असायचे. लेकीला त्यांनी शिकायला नगरच्या बोर्डिंगात ठेवलं, आणि तिथं मिशनच्या एका बाईंनी तिच्या मांडीवर हवाईयन गिटार ठेवली. ही गिटार छातीशी धरून वाजवत नाहीत. ती मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातला गुळगुळीत पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. ताईंची गिटार विजेची होती. तार हलली की स्पीकरमधून सूर निघायचा. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला, कानिफनाथला, त्यांनी सांगितलं होतं म्हणे, "मला स्वयंपाक येतो, पण गिटार जास्त येते." तो लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होता. त्यानं गिटारीला लाकडी पेटी करून दिली.

तर घोडेगावची सुपारी आली आणि सगळे खूश झाले. फक्त ताईंनी गिटार पेटीतून काढलीच नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"मैदानात आहे ना कार्यक्रम."

"मग?"

"केडगावला काय झालं आठवतं ना?"

मला आठवत होतं. शाळेच्या दगडी हॉलात ताईंची गिटार ऐकली की अंगावर काटा यायचा. सूर भिंतींना लागून परत यायचा, छताखाली रेंगाळायचा. पण केडगावच्या लग्नात आम्ही उघड्या माळावर वाजवलं. संथ गाण्याची धून ताईंनी सुरू केली आणि सूर तारेवरून निघाला तो तिथंच मेला. कोरडा, ठक्क. लोक जिलेबीबद्दल बोलायला लागले. त्या दिवशी ताई घरी जेवल्या नाहीत.

"माझ्या गावात असं झालं तर आप्पा बाजारात तोंड कसं दाखवतील?" त्या म्हणाल्या. "मला तो हॉल बरोबर नेता आला पाहिजे, चांगुणे."

मी हसले. हॉल कसा बरोबर नेणार?

पण पुढच्याच आठवड्यात कळलं की नेता येतो. लष्कराच्या ऑफिसर मेसमध्ये हिरवळीवर पार्टी होती आणि लाऊडस्पीकर काकासाहेबांचे होते, म्हणून आम्हीही गेलो. तिथं एक गोव्याचा गिटारवाला आला होता. त्यानं पहिली तार छेडली आणि ताईंनी माझा दंड इतका जोरात धरला की मी ओरडलेच. वर आभाळ, चारी बाजूंना मोकळं, आणि सूर असा घुमत होता जणू आम्ही मोठ्या चर्चमध्ये बसलोय! गाणं संपायची वाटही न बघता ताई उठल्या आणि त्याच्या ॲम्प्लिफायरच्या मागं जाऊन वाकून बघायला लागल्या.

"बाई, काय शोधताय?" तो हिंदीत म्हणाला.

"हॉल कुठं लपवलाय ते."

तो खळखळून हसला. त्यानं एक बटण दाखवलं, फिरवलं. बटण शून्यावर गेलं की गिटार केडगावची, पुढं केलं की चर्चमधली. "रिव्हर्ब," तो म्हणाला. आत एक लांब स्प्रिंग ताणून बसवलेली असते. गिटारीचा आवाज त्या स्प्रिंगमधून थरथरत जातो, टोकाला आपटून परत येतो, आणि ते येणं-जाणं आपल्याला घुमल्यासारखं ऐकू येतं. याच्या वेगळ्या पेट्याही मिळतात, पुण्याच्या कॅम्पात बघा, असं त्यानं सांगितलं.

परत येताना ताई टांग्यात बसूनच नाचत होत्या म्हटलं तरी चालेल. काकासाहेबांना तो इंग्रजी शब्द काही धरवेना. रिवर म्हण, रबर म्हण, असं करता करता त्यांनी वैतागून 'घुमपेटी' म्हटलं आणि तेच नाव पडलं.

"स्प्रिंगच ना?" काकासाहेब म्हणाले. "मग पुण्याला कशाला? आपला सहादेव करून देईल."

सहादेव रेडिओ दुरुस्त करायचा. हौशी माणूस. त्यानं ऐकलं आणि हातातला चालू रेडिओ तसाच बाजूला ठेवून कामाला लागला. लाकडी खोक्यात दोन स्प्रिंगा ताणल्या, एका टोकाला छोटा स्पीकर चिकटवला, दुसऱ्या टोकाला जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई धरणारा तुकडा. जोडलं, आणि घुमलं! खरंच घुमलं. आम्ही चौघं त्याच्या दुकानात टाळ्या पिटत उभे. सहादेवाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सावेडीला तेव्हा नुकते बंगले उठत होते. तिथल्या एका सोसायटीच्या वर्धापनदिनाला आम्ही ती पेटी पहिल्यांदा स्टेजवर नेली. स्टेज फळ्यांचं. ताईंची धून सुरेख चालली होती. मग नाचाचं गाणं आलं आणि आमच्या नर्तकीनं, साळूबाईनं, पहिला पाय आपटला.

गडाड् धूम!

स्प्रिंगांना धक्का बसला होता आणि तो धक्का स्पीकरमधून मेघगर्जनेसारखा बाहेर पडला. साळूबाई दचकली, पण गडी थांबायला तयार नाही. ती जिद्दीनं नाचतच राहिली. प्रत्येक ठेक्याला गडाड् धूम. लोक मान वर करून आभाळ बघायला लागले. मागच्या रांगेतली एक बाई उठून वाळत घातलेले कपडे काढायला पळाली. मी गाता गाता हसू दाबत होते आणि ते दाबलेलं हसूही माइकमधून गेलं. शेवटी ताईंनी पेटीची वायर ओढून काढली तेव्हा कुठं पाऊस टळला.

सहादेवाला वाईट वाटलं. ताई मात्र त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "सहादेवभाऊ, तुमच्यामुळं मला कळलं काय बघून घ्यायचं ते. आता फसणार नाही."

रविवारी आम्ही दोघी माळीवाड्याच्या स्टँडवरून पुण्याची एसटी पकडली. गिटारीची पेटी दोघींच्या मांडीवर आडवी. घुमपेटीच्या पैशांची व्यवस्था काकासाहेबांनी केली होती, निवडायचं काम ताईंवर सोडलं होतं. वाटेत ताई म्हणाल्या, "आप्पा कधी उभ्या बैलाचा सौदा करत नाहीत. जुंपून बघतात. मीपण तसंच बघणार."

कॅम्पातलं दुकान जुन्या वाद्यांनी भरलेलं होतं. दुकानदार म्हातारा, चष्म्याच्या वरून बघणारा. दोन बायका रिव्हर्ब मागतायत म्हटल्यावर त्यानं आधी आम्हाला गायनाच्या वह्यांचं कपाट दाखवलं. पण ताईंनी गिटार काढून मांडीवर घेतली, दांडा सरकवला, आणि तो स्टूल ओढून समोर येऊन बसला. "काय काय ऐकायचं?" त्यानं विचारलं. तेव्हापासून तो आमच्यापेक्षा जास्त उत्साहात होता.

पहिलं यंत्र टेपचं होतं. आत फितीचं एक वेटोळं फिरत राहायचं, आवाज त्याच्यावर उमटायचा आणि क्षणभरानं परत ऐकू यायचा. दुकानदारानं माझ्या हातात माइक दिला. "तुम्ही गाता ना? गा."

मी एक आलाप घेतला.

देवा! माझाच आवाज माझ्या मागून आला, पुन्हा आला, लाटेसारखा. मला वाटलं मी एकटी नाही, माझ्यासारख्या दहा जणी गातायत. "ताई, हेच!" मी ओरडले. "हेच घ्यायचं! दुसरं बघायचंच नाही!"

ताई हसल्या. मग त्यांनी त्यातून गिटारीवर जलद धून वाजवली. मागचे सूर पुढच्या सुरांच्या पायात यायला लागले. सगळा गोंधळ. मग त्यांनी दुकानदाराला विचारलं, "जनरेटरवर चालेल का हे?"

"का?"

"आमच्याकडं जत्रेला जनरेटर असतो. लाइट कमी-जास्त होते."

दुकानदाराकडे वीज कमी-जास्त करायचा एक डबा होता. त्यानं तो फिरवला. यंत्राची मोटर मंद झाली आणि परत येणारा सूर झोप आल्यासारखा खाली घसरला. बेसूर. ताईंनी डोळे मिटले. मला तिथंच कळलं की हे काही घरी येत नाही.

"थोडं तर घसरलं," मी म्हणाले.

"चांगुणे, थोडं बेसूर म्हणजे बेसूरच."

दुसरी पेटी विलायती. गोव्याहून घरी निघालेल्या एका गोऱ्या पोरानं विकलेली, मलईच्या रंगाची, नखरेल. तिच्यात स्प्रिंगच होती, पण काय आवाज! एक तार छेडली की सूर लांब, लांब जात राहायचा. ताईंचे कान लाल झाले. मी म्हटलं, चला, ही तरी घेतील. त्यांनी दुकानदाराची परवानगी घेऊन टेबलाला पाय मारला. गडाड्. मग बटण सगळ्यात कमी करून वाजवलं, तरी घुमतच राहिलं. आणि बटण हातानंच फिरवायचं होतं.

"माझे दोन्ही हात गुंतलेले असतात," त्या म्हणाल्या. "एका गाण्यात हवं, दुसऱ्यात नको. मधेच कडव्यात हवं. कोण फिरवणार?"

"पायाचं हवं तर एक आहे," दुकानदार जरा संकोचून म्हणाला. "पण दिसायला..."

तिसरी पेटी मुंबईत कुणीतरी जुळवलेली. गोदरेजच्या कपाटासारखा करडा रंग, तोही एका कोपऱ्यात उडालेला. तिला लांब वायर आणि वायरीच्या टोकाला पायानं दाबायचं बटण. चालू केली तर मधमाशीसारखा बारीक गुंजारव. मी तोंड वाकडं केलं.

ताईंनी उजव्या पायातली चप्पल काढली. अंगठ्यानं बटण चाचपलं. जोडवं बटणावर वाजलं, टिक. त्यांनी एक तार छेडली आणि थांबल्या. सूर घुमला, दूर गेला, आणि संपला. कुठं संपला ते कळलं. मग दुसरी तार. ती पहिलीच्या अंगावर पडली नाही. मग टिक, बंद. जलद धून स्वच्छ, एकेक दाणा वेगळा. टिक, चालू. पुन्हा हॉल. ताईंनी टेबलाला लाथ मारली. आत स्प्रिंगा रबरावर टांगलेल्या होत्या. किंचित ढुम्म झालं, बास.

"आणि वायर लांब आहे," त्या पुटपुटल्या. "पेटी खाली जमिनीवर ठेवता येईल. स्टेजवर फक्त बटण." मग दुकानदाराला म्हणाल्या, "मागच्या अंगणात नेऊन ऐकू का?"

अंगणात स्पीकर नेला. उघड्यावर त्यांनी ती संथ धून वाजवली. शेजारच्या गॅलरीतून एक म्हातारी वाकली, दोन मुली बाहेर आल्या, सायकलवरून जाणारा पाववाला फाटकाशी थांबला. धून संपली तरी कुणी हललं नाही.

"हीच," ताई म्हणाल्या.

मी परतीच्या एसटीत त्यांच्याशी बोलले नाही. खिडकीकडं तोंड करून बसले. खरंच रुसले होते. दहा जणींचा तो आवाज अजून कानात होता, आणि घरी काय न्यायचं तर रंग उडालेला डबा, तोही गिटारीसाठी. ताईंनी डबा मांडीवर धरला होता. शिरूरला त्यांनी मला उसाचा रस पाजला. मी प्यायले, पण बोलले नाही.

पुढचे दिवस रोज तालीम. काकासाहेबांना घुमपेटी सगळीकडं हवी होती. "आणलीय तर लावा की!" ते म्हणायचे. ताई नाही म्हणायच्या. कुठल्या ओळीला दाबायचं, कुठं सोडायचं, हे त्या एकेका गाण्यात शोधत होत्या. एक्स्चेंजमध्येही म्हणे त्यांचा उजवा पाय बोर्डाखाली हलत असायचा.

घोडेगावला आम्ही टेम्पोनं पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. बाजाराच्या मैदानात स्टेज बांधलेलं, कडेला बैल बांधलेले, आणि माणसं म्हणाल तर शिंगणापूर, वडाळा, सोनई, सगळीकडून आलेली. आप्पासाहेब नवा फेटा बांधून टेम्पोच्या पुढं पळत होते. "सरका, सरका! घुमपेटी येतीय!" लोकांना काय कळणार? पण सगळे सरकले.

पेटी स्टेजखाली मातीवर ठेवली, बटण ताईंच्या पायाशी. जनरेटर धडधडायला लागला. काकासाहेबांनी नमस्कार-चमत्कार केले. ताईंनी बटण दाबलं, तार छेडली.

कोरडा. ठक्क.

पुन्हा दाबलं. काहीच नाही. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हेच व्हय ते?" आप्पासाहेबांचा चेहरा मी बघितला नाही, बघवलाच नसता. मी रुसलेली आहे हे मी विसरूनच गेले. स्टेजवरून खाली उडी मारली, रांगत फळ्यांखाली गेले. अंधार, धूळ. हातानं चाचपलं तर टेम्पोच्या हादऱ्यांनी पेटीची एक पिन अर्धी निघून आलेली. दाबून बसवली.

"ताई, वाजवा!" मी खालूनच ओरडले.

आणि माझ्या डोक्यावर, फळ्यांच्या वर, तो सूर निघाला. मी खालीच बसून राहिले. तो सूर मैदानभर गेला, बाजाराच्या पलीकडच्या चिंचांपर्यंत गेला असेल, आणि हळूहळू विरला. मग दुसरा. एवढी माणसं, पण पोरं रडायची थांबली, भजीवाल्यानं झारा कढईत तसाच धरून ठेवला. बैलांनी रवंथ थांबवला की नाही ते मला माहीत नाही. आप्पासाहेब मात्र पुढं कित्येक वर्षं थांबवला म्हणूनच सांगायचे.

धून संपली आणि मैदान उसळलं. शिट्ट्या, फेटे, "वन्स मोअर!" आप्पासाहेब शेजारच्या माणसाला गदागदा हलवत होते. "बगितलं का? माजी हाय ती! माजी लेक हाय!"

मी धूळ झटकत वर आले. पुढचं गाणं माझं होतं, हळुवार अंगाईसारखं. मी माइक हातात घेतला, तेवढ्यात ताई खुर्चीवरून उठल्या, काकासाहेबांच्या कानात काहीतरी बोलल्या आणि स्टेजखाली उतरल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर माती होती.

"गा," त्या म्हणाल्या.

मी पहिली ओळ घेतली आणि माझा आवाज घुमला. त्यांनी घुमपेटीतून गिटारीची वायर काढून माझा माइक जोडला होता! स्वतः कोरड्या गिटारीवर मला साथ देत होत्या, आणि पाय बटणावर होता. ओळ संपताना टिक, आवाज दूर जायचा. कडवं सुरू होताना टिक, शब्द स्वच्छ. माझा श्वास कुठं संपतो हे त्या पायाला माहीत होतं. दहा जणी नव्हत्या, मी एकटीच होते, पण आयुष्यात तेवढं सुरेल मी कधी गायले नव्हते. दुसऱ्या कडव्यात मला रडू फुटलं आणि लोकांना ते गाण्यातलंच वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर गावकऱ्यांनी आम्हाला उतरूच दिलं नाही. त्याच ठिकाणी नेवाशाची आणि राहुरीची सुपारी ठरली. साळूबाईला फळ्यांवर मन मानेल तसे पाय आपटायला मिळाले होते, म्हणून ती वेगळीच खुशीत होती. आप्पासाहेबांनी पेटीभोवती गोल करून उभ्या असलेल्या माणसांना समजावून सांगायला घेतलं, "आत मोठा हॉल दडवलाय ह्येच्या."

ती पेटी आमच्याबरोबर जिल्हाभर फिरली. एकदा स्प्रिंग तुटली तेव्हा सहादेवानं दुसरी बसवली, आणि ती मूळच्यापेक्षा बरी वाजायची. ताई पुढं एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर झाल्या, सावेडीला घर बांधलं, तिथं मुलींना गिटार शिकवायला लागल्या. मुली पहिल्याच दिवशी बटण दाबायला बघायच्या. ताई ते पायानं मागं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आधी कोरडं नीट वाजव." मग मुलीचा चेहरा पडला की स्वतःच हसत ते पुढं ढकलायच्या. "बरं, एकदाच. दाब."